चार पंचे बारा: परीकथांतलं गणित मुलांबरोबर कसं उकलावं

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. इंदूरला रामबागेत आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ मुलं बसलेली, पोहे-जलेबी आटोपलेली, आणि मी 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'चं दुसरं प्रकरण वाचत होते. इंग्रजी पुस्तक मांडीवर ठेवायचं आणि मराठीत सांगत जायचं, ही माझी पद्धत. बिळात पडलेली अ‍ॅलिस एकदा लहान, एकदा मोठी होऊन गोंधळलेली असते. आपण आपणच आहोत ना, हे तपासायला ती पाढा म्हणून बघते: चार पंचे बारा, चार सक तेरा, चार साते... आणि मग कुरकुरते, की अशानं मी वीसपर्यंत कधी पोचायचीच नाही.

सहावीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, छापायला चुकलंय."

मी "चुकलंय खरं" म्हणून पान उलटणार, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "पण पोचणार का नाही? म्हणत राहिली तर पोचेलच की कधीतरी."

त्या दिवशी दुसरं प्रकरण पुरं झालंच नाही.

मी गणिताची बाई नाही. बँकेत उभा जन्म खातेवह्या जुळवल्या, एवढाच माझा आकड्यांशी संबंध. पण मुलांना या गोष्टी वाचून दाखवताना एक गोष्ट कळली, आणि हा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. या पुस्तकांतला वेडेपणा नियम मोडल्यामुळे येत नाही. एखादा नियम नको तितका काटेकोर पाळल्यामुळे येतो. तो नियम कोणता, हे शोधणं म्हणजेच गणित. आपण वेगळं गणित घुसवायला जायचं नाही.

आधी थोडी तयारी

गणिताची वही आणायची नाही, हा पहिला नियम. वही दिसली की मुलं बरोबर उत्तर शोधायला लागतात आणि गोष्ट मरते. खडू, सुतळीचा गुंडा, मूठभर चिंचोके, दहा-बारा कवड्या, दोन छोटे आरसे, कुणाच्या तरी घरचा रूबिक क्यूब. बस्स. मुलं नऊ ते तेरा वयाची असली तर उत्तम. आमच्याकडची बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातली आहेत. मराठी घरात बोलतात, तीही इंदुरी. 'एकोणसत्तर' म्हटलं की निम्म्यांचे चेहरे कोरे होतात. तिथे अडून बसू नये. 'सिक्स्टी नाइन' म्हणा आणि पुढे चला.

लेखकाची माहिती आधी सांगू नये. मी पहिल्या खेपेला सांगितली होती: लुईस कॅरल हे टोपणनाव, खरं नाव चार्ल्स लुटविज डॉजसन, जन्म १८३२, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणिताचा व्याख्याता, ४ जुलै १८६२ ला तीन लहान मुलींना नावेतून फिरवताना रचलेली गोष्ट, १८६५ मध्ये पुस्तक, १८७१ मध्ये आरशापलीकडचा दुसरा भाग. पंधरा मिनिटांत दोन मुलं पाणी प्यायला म्हणून गेली ती अंगणात क्रिकेट खेळताना सापडली. हीच माहिती आता मी चौथ्या-पाचव्या रविवारी देते, तेव्हा मुलं स्वतःच विचारतात, "हा माणूस होता तरी कोण?"

'असं कसं?' ऐकू येईपर्यंत थांबा

वाचताना कुठे थांबायचं हे आपण ठरवायचं नाही. मूल "असं कसं?" म्हणेल तिथे थांबायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "हिचा नियम काय असेल?" उत्तर माहीत असलं तरी गप्प राहायचं. हे फार अवघड जातं, मला अजूनही जातं.

चार पंचे बाराचंच घ्या. मुलांनी आधी पाढा पुढे चालवला: चार आठे पंधरा, चार नवे सोळा, चार दाहे सतरा. आपला पाढा दहाला थांबतो, म्हणजे मराठी अ‍ॅलिस सतरालाच अडकली. इंग्रज मुलांचा पाढा बारापर्यंत जातो. तिथे चार बारे एकोणीस होतात आणि पाढा संपतो. वीस हुकले एका घरानं! हे एक स्पष्टीकरण झालं, आणि लहान मुलांना तेवढं पुरतं.

पण आमच्या धाकट्या वकिलाला पुरलं नाही. त्याचं म्हणणं, पाढा पुढे न्यायला कोण अडवतंय? मग मी लाडवांचे डबे काढले. खरे नव्हे, खडूनं काढलेले.

सोळा आण्यांचा रुपया मुलांना आजी-आजोबांच्या तोंडून ऐकून माहीत असतो. वीस आणे म्हणजे एक रुपया चार आणे, डावीकडे एक, उजवीकडे चार. आता रुपयाऐवजी डबा घ्या, अठरा लाडवांचा. चार पंचे वीस लाडू झाले: एक डबा भरला, दोन सुटे उरले. डबे डावीकडे, सुटे उजवीकडे लिहा: १ आणि २. 'बारा'सारखं दिसतंय ना? पुढच्या ओळीला डबा एकवीस लाडवांचा करा. चार सक चोवीस: एक डबा, तीन सुटे, म्हणजे १ आणि ३. पुढे डबा चोवीसचा, लाडू अठ्ठावीस: १ आणि ४. प्रत्येक ओळीला लाडू चारनं वाढतात, डबा तीननं मोठा होतो, म्हणून सुट्यांमध्ये एकाचीच भर पडते.

आता 'वीस' लिहायचं तर दोन डबे पूर्ण भरायला हवेत आणि सुटं काही उरता कामा नये. सुट्यांनी डब्याला गाठायला हवं. पण सुटे एकेकानं वाढतात आणि डबा तीन-तीननं. सशानं कासवाच्या पुढे धावत राहावं आणि झोपूही नये, तसं. हजाराव्या ओळीलाही दुसरा डबा भरायचा नाही. अ‍ॅलिस म्हणते ते अक्षरशः खरं आहे. तेराव्या ओळीला लाडू बावन्न, डबा बेचाळीसचा, सुटे दहा. त्या दहांना लिहायला एकच चिन्ह लागेल, नाहीतर डबे आणि सुटे यांची गल्लत होईल. ते चिन्ह कसं काढायचं यावर मुलांचं अर्धा तास भांडण झालं. एकानं जलेबी काढली.

लेखकाच्या मनात यातलं कोणतं होतं, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

सराफ्यात उभं राहून तर्क

वेड्यांच्या चहापार्टीत अ‍ॅलिस म्हणते, की मनात असतं ते मी बोलते आणि बोलते तेच मनात असतं, दोन्ही एकच. टोपीवाला उसळतो. मग तर 'मी जे खातो ते मला दिसतं' आणि 'मला जे दिसतं ते मी खातो' हेही एकच म्हणशील!

इंदूरच्या मुलांना हे समजावायला पुस्तक खाली ठेवावं आणि रात्री नऊनंतर सराफ्यात घेऊन जावं. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री त्यांच्या बंद शटरांपुढे भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, साबुदाणा खिचडी, रबडी, ताटाएवढा जलेबा. तिथे उभं राहून मुलाला विचारा, "तू जे खातोस ते तुला दिसतं का?" हो. "तुला जे दिसतं ते सगळं तू खातोस का?" माझा भाचा म्हणाला, "खाईन." तेव्हा त्याला दोन वाक्यांतला फरक पोटानं शिकू द्यावा, दुसरा उपाय नाही.

घरी येऊन खडूनं दोन वर्तुळं काढा. पहिल्या वाक्यात 'खाल्लेलं' हे वर्तुळ 'दिसलेलं'च्या पोटात बसतं. दुसऱ्यात उलट. भूमितीच्या पुस्तकात यालाच व्यत्यास म्हणतात, आणि प्रमेय खरं म्हणून व्यत्यास खरा असं धरून दहावीत किती मार्क गेले असतील, देव जाणे.

आता तिसरं वाक्य द्या: 'मला जे दिसत नाही ते मी खात नाही.' हे पहिल्यासारखं की दुसऱ्यासारखं? वर्तुळं पुन्हा बघायला लावा. दिसलेल्याच्या बाहेर जे आहे ते त्याच्या पोटातल्या वर्तुळाच्याही बाहेरच असणार, म्हणून हे पहिल्याचंच दुसरं रूप. दोन्हीकडे 'नाही' लावा आणि उलटवा, अर्थ तोच राहतो. ही युक्ती आपल्या भाषेत केव्हाचीच आहे: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणजेच पोहऱ्यात आलं असेल तर ते आडात होतंच. पण व्यत्यास करून बघा: आडात आहे, म्हणून पोहऱ्यात येईलच? दोर तोकडा असला की संपलं. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं उदाहरणही इथे चपखल बसतं. जिथे धूर तिथे अग्नी, पण जिथे अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा बघा. ही दोन उदाहरणं मुलांकडून तोंडपाठ करून घ्यायला हरकत नाही. लेखाच्या शेवटी वेताळाकडे जाताना ती लागतील.

त्यानंतर कबुतराचं प्रकरण. मान झाडापर्यंत लांबलेल्या अ‍ॅलिसला कबुतर साप समजतं. अ‍ॅलिस प्रामाणिकपणे कबूल करते, की मुलीही अंडी खातात. कबुतराचा निकाल: मग मुली म्हणजे सापाचाच प्रकार. मुलांना हसू येतं, पण चूक नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही. तेव्हा त्यांच्या ओळखीचं द्या. इंदूरचे लोक पोहे खातात. पुण्याचे लोकही पोहे खातात. म्हणून पुणेकर हे इंदूरकरच. (पुण्याच्या आत्याला हे फोनवर ऐकवलं गेलं. तिनं वर शेव नसलेल्याला इंदुरी म्हणायला नकार दिला.)

चूक बोटानं दाखवायची असेल तर डॉजसनचाच खेळ मांडा. १८८६ मध्ये त्यानं तर्काचा एक पट काढला होता, सोबत नऊ सोंगट्या, चार लाल आणि पाच करड्या. आपण चिंचोके आणि कवड्यांवर भागवू. जमिनीवर मोठा चौकोन काढा. मधोमध एक आडवी रेघ आणि एक उभी रेघ. वरचा अर्धा भाग सापांचा, खालचा साप नसलेल्यांचा. डावा अर्धा मुलींचा, उजवा मुली नसलेल्यांचा. आता मध्ये एक लहान चौकोन काढा: त्याच्या आत अंडी खाणारे, बाहेर न खाणारे. झाली आठ घरं. चिंचोका ठेवला की 'या घरात कोणी नाही', कवडी ठेवली की 'या घरात कोणीतरी आहेच'. कवडी दोनपैकी कोणत्या घरात जाईल हे ठरत नसेल तर ती मधल्या रेघेवर ठेवायची. मुलांना हा रेघेवर बसायचा नियम फार आवडतो.

सगळे साप अंडी खातात. म्हणून वरच्या भागात, लहान चौकोनाबाहेरच्या दोन्ही घरांत चिंचोके. सगळ्या मुली अंडी खातात. म्हणून डाव्या भागात, लहान चौकोनाबाहेरच्या दोन घरांत चिंचोके, त्यातलं वरचं आधीच भरलेलं. आता खाली डावीकडे, लहान चौकोनाच्या आतलं घर बघा: मुलगी आहे, अंडी खाते, साप नाही. तिथे चिंचोका आहे का? नाही. कबुतरानं कितीही आरडाओरडा केला तरी अ‍ॅलिसला उभं राहायला तेवढं घर मोकळं आहे. आमच्याकडे एका मुलीनं तिथे जाऊन उभंच राहून दाखवलं.

पुढचे दोन-तीन रविवार मुलांनाच वाक्यं बनवू द्या. ती निर्दयी असतात, घरातल्या माणसांवर बनवतात. चालू द्या.

काही नसण्याची गंमत

वेड्यांच्या त्याच चहापार्टीत अ‍ॅलिसला "अजून चहा घे" असा आग्रह होतो. ती म्हणते, मी घेतलाच नाही, तर अजून कसा घेऊ? टोपीवाला सुधारतो: कमी घेता येणार नाही, असं म्हण, शून्यापेक्षा जास्त घेणं तर सोपं आहे. ही कोटी मराठीत इंग्रजीहून सुरेख बसते. आपल्या 'अजून'चे दोन अर्थ आहेत ना, 'आणखी' आणि 'अद्याप'. "अजून घेतलाच नाही तर अजून कुठून घेऊ?" असं म्हणून बघा.

शून्याच्या खाली जायचं असेल तर याच पुस्तकातल्या कासवाची शाळा. पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ, असं रोज एकेक तास कमी. अकराव्या दिवशी सुट्टी. एकूण पंचावन्न तास, हे मुलं पटकन सांगतात. अ‍ॅलिस विचारते, मग बाराव्या दिवशी काय करायचात? पुस्तकात विषय बदलला जातो. तुम्ही बदलू नका. उणे एक तास शाळा म्हणजे काय? एक म्हणाला, बाई घरी येऊन आपल्याकडून शिकतील. दुसरी म्हणाली, आदल्या दिवशी शिकलेलं एक तास विसरायचं. बँकेतल्या काकूंनी ओव्हरड्राफ्ट सांगितला, तो कोणाला आवडला नाही.

एक जागा मात्र मराठीत फसते. आरशापलीकडच्या देशात पांढरा राजा अ‍ॅलिसला विचारतो, रस्त्यावर कोण दिसतंय? ती जे म्हणते ते इंग्रजीत 'कोणीनाही दिसतोय' अशा घडणीचं असतं, आणि राजाला हेवा वाटतो, की इतक्या दुरून तुला कोणीनाही दिसला! मराठीत आपण 'कोणी दिसत नाही' म्हणतो. नकार क्रियापदाजवळ बसतो, त्यामुळे 'कोणीनाही' नावाचा माणूस जन्मालाच येत नाही. ओढूनताणून भाषांतर करू नका. त्याऐवजी 'नरो वा कुंजरो वा' काढा. अश्वत्थामा मेला, माणूस की हत्ती कोण जाणे. धर्मराज खोटं बोलला का? वाक्य म्हणून तपासलं तर शब्द न् शब्द खरा. मुलांमध्ये दोन तट पडतात आणि जेवायची वेळ होते.

पांढऱ्या राणीचा मुरंबा तर आपल्या नाक्यावर टांगलेला आहे. मुरंबा काल मिळेल, उद्या मिळेल, आज कधीच नाही. किराणा दुकानातली 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी मुलांना वाचायला लावा आणि विचारा, उधार नक्की कोणत्या तारखेला मिळेल? 'उद्या' हा शब्द बीजगणितातल्या क्षसारखा आहे, रोज नवी किंमत घेतो, हे त्यांना आपोआप समजतं.

सुतळी, गादी आणि गलिव्हर

जोनाथन स्विफ्टचं गलिव्हर १७२६ चं. मोठ्यांवरची जहरी टीका म्हणून लिहिलेलं, आणि मुलांनी पळवून नेलेलं. यात हातानं करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

लिलिपुट या बुटक्यांच्या देशातल्या शिंपिणी घेरासाठी गलिव्हरचा फक्त अंगठा मोजतात. अंगठ्याचे दोन घेर म्हणजे मनगटाचा एक, मनगटाचे दोन म्हणजे मानेचा, मानेचे दोन म्हणजे कमरेचा. सुतळी वाटा आणि मोजू द्या. कुणाचं जुळतं, कुणाचं नाही. कमरेला तर आमच्या काकांचं मुळीच जुळलं नाही. तरी तीनदा दुप्पट म्हणजे सहापट नाही, आठपट, हे सुतळीनं जितकं लवकर कळतं तितकं फळ्यावर कळत नाही.

मग रूबिक क्यूब. एका बाजूला तीन तुकडे, एका तोंडावर नऊ, आख्ख्या ठोकळ्यात सत्तावीस जागा. बाजू तिप्पट, तर क्षेत्रफळ नऊपट, आकारमान सत्तावीसपट. लिलिपुटची माणसं सहा इंचांहून जरा कमी, गलिव्हर त्यांच्या बारापट. मुलांनाच करू द्या: १२ × १२ = १४४, १२ × १२ × १२ = १७२८. राजाचे गणिती ठरवतात, की गलिव्हरला १७२८ माणसांचं जेवण लागेल. काही प्रतींत मात्र १७२४ छापलेलं आहे. तुमच्या हातातल्या प्रतीत कोणता आकडा आहे, तो मुलांना शोधायला लावा. छापलेल्या पुस्तकातला गुणाकार आपण तपासला, या आनंदाला तोड नाही.

गादीचा हिशेब याहून रसाळ. सहाशे छोट्या गाद्या आणतात, दीडशे जोडून एक थर शिवतात आणि असे चार थर एकावर एक घालतात. लांबी-रुंदीला दीडशे म्हणजे जवळजवळ १४४, बरोबरच. पण जाडी? बारा थर हवेत, दिले चार. म्हणूनच गलिव्हर तक्रार करतो, की फरशी टोचत होती. गाद्या किती कमी पडल्या, हे तेरा वर्षांचं मूल स्वतः काढतं.

इथे मोठ्या मुलांसाठी एक पायरी वर जा. १७२८ माणसांचं जेवण हे तरी बरोबर का? वाटीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, कारण इवल्याशा चहाला निवायला त्याच्या मानानं जास्त पृष्ठभाग असतो. लहान प्राण्यांचंही तसंच, ते वजनाच्या मानानं जास्त खातात. १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यानं प्राण्यांची मोजमापं मांडून दाखवलं, की शरीराला लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वजन सोळापट झालं तर ऊर्जा आठपटच लागते. त्या हिशेबानं गलिव्हरला सुमारे २७० लिलिपुटकरांचं जेवण पुरलं असतं. राजाचा खजिना फुकट रिकामा झाला! आणि पुढच्या भागातले बारापट उंच राक्षस तर उभेच राहू शकले नसते. हाडाचा काटछेद १४४ पट, वजन १७२८ पट, म्हणजे हाडाच्या तेवढ्याच तुकड्यावर बारापट भार. गॅलिलिओनं हे १६३८ मध्येच लिहून ठेवलं होतं, स्विफ्टच्या कितीतरी आधी.

आरसा

इंदूरला राहून काचमंदिर न दाखवता आरशाची गोष्ट सांगणं म्हणजे करंटेपणा. सराफ्यापासून चालत इतवारियाला जा. शेठ हुकुमचंदांनी बांधलेल्या त्या जैन मंदिरात भिंती, छत, खांब सगळं काचेचं. समोरासमोरच्या आरशांत रांग कुठपर्यंत जाते, हे मुलांना मोजायचा प्रयत्न करू द्या आणि काही बोलू नका. शेवटी मंदिर आहे, आवाज कमी.

घरी दोन आरसे पुस्तकासारखे उघडे धरून मध्ये कवडी ठेवा. काटकोनात धरले की तीन प्रतिमा, साठ अंशांत पाच, पंचेचाळीस अंशांत सात. ३६० ला कोनानं भागा आणि एक वजा करा. का, ते चित्र काढल्यावर दिसतं. आणि आरसा डावं-उजवं बदलतो पण वर-खाली का नाही, हा प्रश्न कुणी विचारलाच तर बोट आरशाकडे रोखून दाखवा. आरशातलं बोट तुमच्याकडे येतंय. बदललं ते पुढचं-मागचं.

हात बसल्यावर मुलं स्वतः जागा शोधू लागतात. 'द लिटल प्रिन्स' या पुस्तकातल्या छोट्या राजकुमाराला भेटलेला तो तारे मोजणारा व्यापारी, त्याची संख्या ५०,१६,२२,७३१ आपल्या पद्धतीनं वाचायलाच मजा येते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तले भुंगेही याच घराण्यातले: थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक बिचारा वासानं भुलून अधांतरी. पंधरा भुंगे, पडताळा चिंचोक्यांनी करा.

वेताळाचा शेवटचा प्रश्न

वेताळ मी शेवटी ठेवते, कारण तो आमच्या घरचा. आपण त्याला उज्जैनच्या विक्रमादित्याच्या खांद्यावर बसवतो, आणि उज्जैन इथून तासा-दीड तासावर. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त मात्र तो राजा त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. इंदूरच्या मराठी मुलांना दोन्ही गावं आपलीच वाटतात, तेव्हा भांडण नाही.

आधी वेताळाची अट फळीवर लिहा. उत्तर येत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर. आता विचारा, राजाला प्रेत स्मशानातून न्यायचं असेल तर काय व्हायला हवं? फटी शोधायला मुलांना वेळ द्या. एकच वाट उरते: उत्तर न येणं. शहाण्या राजाला अडाणी होण्यातच यश, हे त्यांचं त्यांना सापडलं पाहिजे.

शेवटची गोष्ट अशी. एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघतात, एक मोठा, एक लहान. ठरतं, मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. भेटतात त्या आई आणि मुलगी, आणि मोठी पावलं निघतात मुलीची! शब्द म्हणजे शब्द. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा आईशी. दोन्ही जोडप्यांना मुलं होतात. ती एकमेकांची कोण?

खडूनं वंशवृक्ष काढा. वर चौघं, खाली दोन मुलगे. बापाचा मुलगा 'क', पोराचा मुलगा 'ख'. वडिलांच्या बाजूनं बघा: क हा ख च्या वडिलांचा सावत्र भाऊ, म्हणजे ख चा काका. आईच्या बाजूनं बघा: ख हा क च्या आईचा सावत्र भाऊ, म्हणजे क चा मामा. इंग्रजीत दोघे एकमेकांचे अंकल, आणि तिथे गाडी रुतते. आपल्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, त्यामुळे दोन दोर स्वच्छ सुटे करता येतात. मुली असतील तर काय होईल, तेही करून बघा. आत्या आणि मावशी निघतात.

आमच्याकडे हे सुटलं आणि सगळी खूश झाली. मग त्या सहावीतल्या मुलीनं विचारलं, "पण राजाकडेही काका-मामा होतेच ना? मग तो गप्प का बसला?"

"त्याला दोन उत्तरं येत असतील," एक म्हणाला. "कुठलं द्यायचं ते कळलं नसेल."

"पण दोन येत होती, म्हणजे येत होतं. मग डोकं फुटायला हवं होतं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तिच्या धाकट्या भावानं फळीवरची अट पुन्हा वाचली आणि दोन्हीकडे 'नाही' लावून उलटवली. "येत असून गप्प राहिला तर डोकं फुटतं. तो गप्प राहिला आणि डोकं फुटलं नाही. म्हणजे त्याला येत नव्हतं."

"आडातच नव्हतं," कुणीतरी मागून म्हणालं.

ती मुलगी फळीकडे बघत राहिली. "नाहीतर," ती म्हणाली, "वेताळ थापा मारत होता."